चार पळ्या तेल

बयाबाई आमच्या सांगलीच्या गॅरेजात आली तेव्हा मी एका लॉरीखाली होते आणि मालक स्टुलावर. आमच्यात हे असंच. बारा वर्षांपूर्वी जॅक निसटला, मालकांचा डावा पाय चेचला, आणि डाव्या पायाशिवाय क्लच दाबता येत नाही. तेव्हापासून हंबीरराव मिस्त्रींनी सांगायचं आणि बायकोनं करायचं. गावाला हसायला विषय झाला, मला विद्या मिळाली. शाळेचा उंबरा मी ओलांडला नाही. वाचायला शिकले तेही तेलाच्या डब्यांवरची अक्षरं जुळवून.

"मिस्त्री कोन?" बाईनं विचारलं.

"आवाज तिकडं, हात इकडं," मी खालूनच म्हटलं.

ती हसली नाही. खांद्यावर घोंगडी, पायांवर विट्याच्या पलीकडची धूळ. "माझ्या सिद्धूची मोटार हाय. हँडल फिरंना झालंय. तेवढं फिरवून द्या."

"आणि चालू करायची नाही?" मालक म्हणाले.

"फिरलं की बास."

सेहेचाळीस सालची दिवाळी होऊन महिना झाला होता. विट्यापर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं तिच्या वाडीपर्यंत बैलगाडी. गाडीत बयाबाईनं सगळं सांगितलं. सिद्धू तिचा एकुलता एक. धनगराचं पोर, पण मेंढरं सोडून सातारा-महाबळेश्वर मोटारीवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी फोर्ड त्यानं घेतली. वर्षभर फिरवली आणि चाळीस साली लढाईवर गेला, तिथंही ड्रायव्हरच. जाताना मोटार दगडांवर चढवली, इंजिनचे चारी प्लग काढले आणि आईला दाखवलं: दर दिवाळीला, पहिल्या आंघोळीच्या दिवशी, ह्या चार भोकांत एकेक पळी तेल घालायचं. आईनं तेल ओतायचं, बायकोनं, म्हणजे सुलानं, हँडल चार वेळा फिरवायचं. मग भोकांत चिंध्या कोंबायच्या.

"आन हसत म्हनला, आये, हँडल हलकं फिरतंय तवर मी खुशाल हाय समज."

"पोरांना बोलायला काय लागतं," मालक पुटपुटले.

तीन दिवाळ्या हँडल फिरलं. त्रेचाळीसच्या दिवाळीला अडकलं. पुढं शिमग्याला सरकारी कागद आला. इटालीत बेपत्ता.

लढाईसाठी सरकार मोटारी ओढून नेतंय असं कानावर आलं, तेव्हा सासू-सुनेनं गोठ्यातल्या मोटारीपुढं कडब्याची गंजी रचली होती. वाडी मोटार विसरून गेली. पेंढ्या ओढून काढण्यातच आमचा तास गेला. आत शिवून एक केलेली चार घोंगडी, त्यांच्यावर अंडी घालून बसलेली एक काळी कोंबडी. तिला उठवलं तर मलाच टोचली. घोंगडी ओढली आणि खाली मोटार. हिरवा रंग आंब्याच्या जुन्या पानासारखा. दिव्यांच्या वाट्या इतक्या लख्ख की त्यांत आम्हा सगळ्यांची तोंडं वाकडी दिसली. घरात माणसाला साबण नसेल, पण दिवाळीला गंजी सारून मोटार पुसलेली होती.

प्लगच्या भोकातली चिंधी काढून मी तार घातली. टोकाला पिवळं, चिवट काहीतरी लागलं. मी हुंगलं आणि मालकांपुढं धरलं. त्यांनी हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं.

"बयाबाई, तेल कुठलं घातलंत?"

"त्यानं डबा ठेवलाता. दुसऱ्या वर्साला मेंढरानं लवंडला. मग घरचंच की. घान्याचं, करडीचं. पयल्या आंघुळीला समद्यांच्या अंगाला लावतो, त्यातलं त्याच्या वाटनीचं."

"आणि हँडल अडकल्यावर?"

"मग दोन-दोन पळ्या घातल्या. वाटलं, कमी पडत आसंल. आदी वाटलं, माज्याच सुनंच्या हातातला जोर गेला."

करडीचं तेल उघड्यावर पडून राहिलं की त्याचा डिंक होतो आणि डिंकाचं पुढं लाकूड. मालकांनी तार चिंधीला पुसली. "रॉकेल लागेल," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी पाण्याला गेले तर सुला मागोमाग आली. बावीस-तेवीसची असेल. घागर भरली तरी उचलेना.

"मावशी, एक मागू? ते हँडल फिरवू नगा."

"का गं?"

"माज्या म्हायाराकडं कोंडीबा म्हनून हाय. बायकू वारलीया त्येची, माज्यासंगं पाट लावाय तयार हाय. आमच्यात चालतं. पर आत्तीनं मोकळं केल्याबिगर कसं जाऊ? हँडल अडकलंय म्हनून आता-आता कुटं ती रडाय लागलीया. फिरलं की डोळं पुसंल, आन मला म्हातारी हुस्तवर वाट बघाय लावंल." मग खाली बघून म्हणाली, "मी काय वाईट चिंतत न्हाई त्येचं. सा म्हैनं नांदले मी त्येच्याजवळ. तोंडबी नीट आठवंना."

रात्री मी मालकांना सांगितलं. "आपण इंजिनचे मिस्त्री, माणसांच्या नशिबाचे नाही," ते म्हणाले. पण विडी पेटवायला तीन काड्या लागल्या.

"मग म्हातारीला तेलाचं खरं सांगू?"

"काय सांगशील? तुझ्याच हातानं अडकलं म्हणून?"

तीन दिवस चारी भोकांत रॉकेल मुरवलं. चौथ्या दिवशी मी हँडलवर सगळं अंग टाकलं. आधी काहीच नाही, मग आतून हाड मोडल्यासारखं कट् वाजलं आणि हँडल फिरलं. बयाबाईनं हँडलला हात लावून बघितलं. "फिरलं! सुले, फिरलं गं!" म्हणत हळदीकुंकू आणायला आत धावली. सुला दाराला टेकून उभी होती. ती माझ्याकडं बघेना.

माझं काम खरं तर तिथं संपलं होतं. पण सुटलेलं इंजिन चालवून न बघता निघतील तर ते हंबीरराव मिस्त्री कसले? दुकानातली बॅटरी आणली होती, डबाभर पेट्रोल होतं. तेल बदललं, प्लग बसवले, ट्यूबा जोडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फोर्ड माळावर आली. मी स्टीअरिंगवर, मालक शेजारी, सासू-सून मागं.

अशी मोटार मी त्याआधी चालवली नव्हती. पेट्रोलची टाकी पुढं, जवळजवळ मांडीवर. उभी असताना स्टीअरिंग जात्यासारखं जड, चालायला लागली की परकरी पोरीच्या हातासारखं हलकं. गिअर बदलायचा तर क्लच दोनदा दाबायचा, घाई केली की दात करकरतात. ब्रेक म्हणजे सरकारातला अर्ज, आज द्यावा तर उद्या मंजूर. पण तिसऱ्या गिअरात पडली आणि एका तालात घुमायला लागली, तेव्हा पंचेचाळिशीची मी, मला ओरडावंसं वाटलं. सिद्धू मेंढरं सोडून का गेला ते मला तिथं कळलं.

मग धूर यायला लागला. निळा, गोड धूर. आत उरलेला डिंक तापून जळत होता, आणि सगळ्या मोटारीत पहिल्या आंघोळीचा वास भरला.

"थांबीव," बयाबाई म्हणाली.

मी अर्ज दिला. मोटार बरीच पुढं जाऊन थांबली. इंजिन चालूच होतं.

"ह्यो माज्या तेलाचा वास हाय."

मालक समोर बघत राहिले. माझ्याच्यानं खोटं बोलवेना. "होय. त्याचा डिंक झाला होता. त्यानं अडकलं. रॉकेलनं सुटलं."

तिनं पुन्हा एकदा वास घेतला.

"म्हंजी अडकलं तवाबी सिद्धूचा काय समंध न्हवता."

"नाही."

"आन सुटलं तवाबी?"

इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवायची सोय होती. पण ती पुढं वाकून वाट बघत होती. "नाही, बयाबाई."

तिनं सीटवरून हात फिरवला, मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "मग कागद म्हनतोय त्येच खरं," ती म्हणाली. मग, "सुले, तुज्या म्हायारची वाट कंची?"

सुलानं बोट दाखवलं.

"घ्या तिकडं."

दोन कोस. सुलाच्या माहेरी पोरं गलका करत धावली. सुला उतरली, तिनं सासूच्या पायांना हात लावला. बयाबाईनं खांद्यावरची घोंगडी काढून तिच्या अंगावर टाकली. "तुज्या बापाला सांग, बयानं मोकळं केलंय म्हनून. आन कोंडीबाचं मला कवाच ठावं हाय. त्येला म्हनावं, पोरगी थंडीला लय भित्या." ती स्वतः खाली उतरली नाही.

परतताना ती मागच्या सीटवर आपल्याच बाजूला बसून होती. सुलाची बाजू तशीच मोकळी.

मोटार पुन्हा दगडांवर चढवून, भोकांत चिंध्या कोंबून आम्ही सांगलीला आलो. पुढच्या दिवाळीआधी मी मोटारीच्या तेलाचा डबा विट्याच्या ड्रायव्हरबरोबर पाठवला. आठ दिवसांनी तो तसाच परत आला. बरोबर निरोप होता: तेल वताय मी हाय, हँडल कोन फिरवील?

मालकांनी डबा माझ्यापुढं ठेवला. "विट्याची मोटार सातला सुटते," म्हणाले.

त्या वर्षीची पहिली आंघोळ मी वाडीवर केली. बयाबाईनं माझ्या पाठीला तेल चोळलं, करडीचंच. मग दोघी गोठ्यात गेलो. तिनं डब्यातल्या चार पळ्या ओतल्या, मी चार वेळा फिरवलं. हँडल अगदी हलकं फिरलं. मग तिनं चारी भोकांत चिंध्या कोंबल्या.