जास्वंदीची बांधलेली फांदी

वैशाखाचं पितळी ऊन पानापानांतून झिरपत परसात उतरलं. आणि त्या उन्हाकडून नाखरेमास्तरांना मिळवायचं होतं ते एवढंच: वाचनालयातल्या छायाचित्र-प्रदर्शनाची पहिली, पहिल्या नंबराची चौकट. आणि हो, तीन वर्षं ‘उत्तेजनार्थ! उत्तेजनार्थ!’ म्हणत पाठ थोपटणाऱ्या व्याह्यांची कायमची बोलती बंद.

जास्वंदीच्या रक्तवर्ण झुडपात बुलबुलाचं वाटीएवढं घरटं. घरट्यात दोन पिलं. पिसं न फुटलेली, उघडीवाघडी, चोची तेवढ्या आभाळाएवढ्या. तुरेवाली आई येई, जाई, येई, जाई. पण थेट कधी नाही. आधी तारेवर, मग पेरूवर, मग इकडेतिकडे पाहत, चोचीत अळी धरून, हळूच आत.

मास्तर कॅमेऱ्यातून पाहत, टिपत. चौकटीत दर वेळी एक फांदी आडवी. हिरवी, भरघोस, हट्टी.

त्यांनी सुतळी आणली. फांदी ओढून कुंपणाला बांधली.

“अहो, लेकरांवरचा पदर कशाला ओढताय?” मागच्या दारातून सुलभाबाई म्हणाल्या.

“ओढत नाही गं, जरा सारतोय. तासाभराचा तर प्रश्न.”

“तुमचा तास! बत्तीस वर्षं त्यात माझा चहा गार होतोय.”

प्रकाश आत शिरला. केवढा प्रकाश! मधाळ, मोकळा, पिलांच्या कातडीखालच्या निळ्या शिरा उजळणारा. मास्तरांना दिसलं ते साऱ्या परसाला दिसलं.

कुंपणावर भारद्वाज उतरला. ताम्रपंखी, माणिकनेत्री, राजाच्या चालीचा. सुलभाबाईंनी ओले हात पदराला पुसून जोडले. “दर्शन झालं हो! यंदा पहिला नंबर तुमचाच.” मास्तरांनीही डोळे मिटून मान लववली.

तेवढा वेळ भारद्वाजाला पुरला.

डोळे उघडले तेव्हा झुडूप हलत होतं आणि ताम्रपंख कुंपणापल्याड बुडत होते. मास्तर धावले. वाटी रिकामी.

आणि ती आली. या खेपेला ना तार, ना पेरू, थेट आली. मास्तरांच्या बोटानं सवयीनं कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

तेच चित्र पहिल्या चौकटीत लागलं. खाली कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं, ‘वात्सल्य’. व्याही गप्प झाले. मास्तर त्याआधीच गप्प झाले होते.

शकुन सुलभाबाईंचा खरा ठरला, पोट भारद्वाजाचं भरलं, नाव मास्तरांचं झालं. किंमत मोजली ती एका मूठभर जीवानं. घरट्याच्या काठावर बसून, चोचीतली अळी ना गिळत, ना टाकत. ऊन कलेपर्यंत, सावल्या लांबेपर्यंत, रिकाम्या वाटीत वाकून वाकून पाहत.