सर्व्हरचा पट्टा

ग्रंथपाल बाईंच्या टेबलाखाली शिरून धाकटी नेटवर्कची केबल बदलत होती.

"घातली नवी. आता शोधा," ती खालूनच म्हणाली.

"शोधतेय. चक्र फिरतंय नुसतं. माझा चहा पिऊन होतो, पण पुस्तक काही सापडत नाही." बाईंनी आवाज खाली आणला. "सोमवारी समिती बसतेय गं. मोठ्या कंपनीकडे जाऊ म्हणतायत. मी तरी किती दिवस तुझी बाजू घेणार?"

धाकटी धूळ झटकत बाहेर आली. "सोमवारपर्यंत घ्या," ती म्हणाली.

तीन ग्रंथालयांची पुस्तकांची यादी आणि देवघेव तिच्या घरातल्या एका काळ्या खोक्यावर, तिच्या सर्व्हरवर, चालत होती. नोकरी सोडून तिनं ते स्वतः जुळवलं होतं. आत हार्ड डिस्क, आणि त्यांच्यावर तीन लिनक्स यंत्रं. हाताला न लागणारी, पण प्रत्येक ग्रंथालयाला स्वतंत्र कॉम्प्युटरसारखी राबणारी. व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, हे तिनं थोरल्या भावाला एकदा समजावून पाहिलं होतं. "म्हणजे नसलेली मशीन," दादा म्हणाला होता. "आणि नसलेला पगार."

गंमत अशी, की घरी येऊन तपासलं की तीच यंत्रं वाऱ्यासारखी पळायची. मेमरी वाढवून झाली, बॅकअपची वेळ बदलून झाली, एक यंत्र तर पहिल्यापासून पुन्हा बांधून झालं. काही उपयोग नाही.

"तो डबा भंगारात दे आणि सरळ नोकरी धर," दादा जेवताना म्हणाला. "हट्टाला काही मर्यादा असते." मग तो आईकडे वळला. "आणि तू खांदा सांभाळ. दोघी एकाच साच्यातल्या."

आईच्या खांद्याच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. हात चालता ठेवा, असं डॉक्टरांनीच बजावलं होतं. तरी दादानं शिवणाच्या मशीनचा चामडी पट्टा काढून आपल्या कपाटात ठेवून दिला होता. काळजीपोटीच, पण कुलपात. आई भाजी वाढत राहिली.

सकाळी धाकटीनं डिस्कचा आलेख नीट पाहिला. प्रत्येक वाचनाला किती ताटकळावं लागतं, ते त्यात दिसायचं. ती घराबाहेर पडली की थोड्या वेळानं रेघ वर चढायची आणि ती परतायच्या आत खाली उतरायची. मध्येच कुणी दम खाल्ल्यासारखी थांबायची. आपली जा-ये या खोक्याला कशी कळते, या विचारानं तिचं डोकं भणभणलं.

दुपारी तिनं "येते गं" म्हणून दार आपटलं आणि आतच उभी राहिली.

थोड्या वेळानं आईच्या खोलीतून आवाज आला. धप्. धप्. धप्.

दोघींच्या खोल्यांमध्ये प्लायवुडचं पार्टिशन होतं. पलीकडून त्याला आईचं मशीन टेकलेलं, अलीकडून त्यालाच ठोकलेल्या फळीवर सर्व्हर. धाकटीनं फळीवर तळहात ठेवला. प्रत्येक धपक्याला फळी थरथरत होती. आतल्या फिरत्या डिस्कना जागा धड सापडत नव्हती, तेच ते पुन्हा पुन्हा वाचावं लागत होतं.

ती आईच्या दारात गेली. आई शेजारणीच्या पडद्याला किनार शिवत होती. पट्ट्याच्या जागी तिनं नाड्या पिळून, गाठ मारून चाकावर चढवल्या होत्या. गाठ चाकावरून गेली की अख्खं मशीन उसळायचं.

आई दचकली, पण पाय थांबवला नाही.

"सांग जाऊन दादाला. खांदा माझा आहे. नुसतं बसून गंजला असता."

"मी घरी असताना का नाही बसत मशीनवर?"

"तुझ्या कामात अडथळा नको म्हणून," आई म्हणाली. "तू बाहेर पडलीस की मगच बसते."

धाकटी मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली. आईला काही कळेना. हसू ओसरल्यावर धाकटीनं चाकावरची ती गाठ बोटानं चाचपली.

"एवढी किनार उरकून घे," ती म्हणाली. "उद्यापासून ही नाडी चालायची नाही."

आईचा चेहरा एकदम पडला.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं सर्व्हर पार्टिशनवरून काढून भक्कम भिंतीशी, जमिनीवर रबराच्या चटईवर ठेवला. मग बाजारात जाऊन आली.

सोमवारी संध्याकाळी बाईंचा फोन आला. "समितीसमोर शोधून दाखवलं गं. माझा चहा तसाच राहिला कपात."

जेवताना दादानं विचारलं, "काय बिघाड होता शेवटी?"

"पट्टा. नवा घातला."

दादाचा घास हातातच राहिला. "कॉम्प्युटरला पट्टा असतो?"

"आपल्या घरात असतो," धाकटी म्हणाली.

दादानं आईकडे पाहिलं. आईनं शांतपणे हात धुतले, पुसले, आपल्या खोलीत गेली आणि दार उघडंच ठेवून मशीनवर बसली.