शेजारच्या सीटची जाळी

खिडकीला काच नव्हती, जाळी होती. काळ्या पट्ट्यांची, अजून कोरेपणाचा कडकपणा न गेलेली. आणि तिला बोट लावून पाहताना त्याच्या लक्षात आलं, की पलीकडची, चालकाच्या बाजूची जाळी उन्हानं विटून राखाडी झाली आहे. एकाच गाडीच्या दोन जाळ्या. एक तीन-चार वर्षांची, दुसरी फार तर पाच महिन्यांची... मग बोट आपसूक वर सरकलं आणि डोक्यावरच्या लोखंडी नळीच्या सांध्यावर थांबलं. रंग एकसारखा होता, पण रंगाखालचं वेल्डिंग निराळ्या हाताचं होतं. नळी कापून मधला तुकडा बदललेला. ही गाडी उलटलेली आहे. या बाजूवर, शेजारी बसणाऱ्याच्या अंगावर.

विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणून त्याची एकतीस वर्षं ठोकरलेल्या गाड्या पाहण्यात गेली होती. गाडीचा मालक काय सांगतो ते तो निमूट ऐकून घेई, मग पँट वर खेचून गाडीखाली वाकून पाही, आणि बहुतेक वेळा मालक एक सांगत असे, पत्रा दुसरंच. आजही तो वाकला. चाकाला धरून ठेवणारे खालचे दांडे जुने होते, मूळचे होते, त्यांना साधा पोचासुद्धा नव्हता. तो उठला आणि गुडघ्यावरची वाळू झटकली.

"पास झाली का गाडी, बाबा?" जावई मागून हेल्मेट घेऊन आला. चालताना त्याचा एक पाय किंचित मागे राही. बॅडमिंटन खेळताना मुरगळला, असं त्यानं विमानतळावरच सांगून टाकलं होतं. न विचारता. आणि न विचारता दिलेल्या उत्तरावर सासऱ्यानं उभ्या जन्मात विश्वास ठेवला नव्हता.

"छान ठेवलीये," तो म्हणाला.

छान ठेवलीये... मांडणी मनात आपोआप होत होती. लेक आणि जावई, दोघंही आठवडाभर ऑफिसात, आणि सुट्टी आली की वाळवंटातल्या शर्यतींची ही गाडी. "एक जण चालवतो, एक नकाशा वाचतो," एवढंच फोनवर सांगितलेलं. चालवणारा जावई असणार, हे गृहीत. म्हणजे नकाशा वाचणारी लेक, म्हणजे ही नवी जाळी, हा बदललेला तुकडा तिच्या डोक्याशी. आणि वसंतात बायकोचं ते एकटीनं तडकाफडकी इथे निघून येणं. घर लावायला मदत हवी आहे म्हणे. "चाळीस दिवस? राजवाडा घेतलाय का त्यांनी?" असं त्यानं फोनवर विचारलं, तेव्हा बायको हसली होती, पण हसण्याआधी क्षणभर थांबली होती. तो थांबा त्यानं तेव्हाच टिपून ठेवला होता. तिघांनी मिळून मला अंधारात ठेवलं. माझ्या लेकीला यानं उलटं केलं, आणि माझीच बायको त्यावर पांघरूण घालायला आली.

विचारायचं. आजच. गाडीत दोघंच असू, तेव्हा पळून जायला जागा नसेल त्याला.

त्याला चालकाशेजारच्या सीटमध्ये बसवून पाच बाजूंनी पट्टे आवळले गेले. हेल्मेटमध्ये माइक होता, कानाशी खरखर. त्यानं पहिला प्रश्न जुळवून ठेवला, साधा, सापळ्यासारखा — आणि चालकाच्या सीटवर लेक येऊन बसली. सराईतपणे, आरसा न बघता, हातमोजे ओढत.

"तू?"

"मीच चालवते, बाबा. पहिल्यापासून. हे बसतात तुमच्या जागी."

जावई बाहेरून जाळी लावत होता. बदललेल्या नळीवर हात टेकून तो क्षणभर उभा राहिला, मग दुखऱ्या पायानं बाजूला झाला.

गाडी सुटली. पोट मागे राहिलं. टेकाडावरून ती उडाली तेव्हा काही क्षण कशाचंच वजन उरलं नाही, पट्टे सैल, हात हलके, आणि मग आदळून सगळं अंग पुन्हा अंगात आलं, दातांत वाळू करकरली. भीती वाटायला हवी होती. पण तो पाहत होता तिचे हात. स्टिअरिंगचं चाक नुसतं धरलेलं, गळा न आवळता. हे तिला कुणी शिकवलं? ही अकरा वर्षांची असताना सायकलवरून पडली, तेव्हा मी तिला कागद दिला होता. कुठे वळलीस, खड्डा किती लांब होता, ब्रेक कधी लावलास, काढून दाखव. तीनदा सांगायला लावलं. तिन्ही वेळा थोडं थोडं वेगळं निघालं. शेवटी ती म्हणाली, "मग तुम्हीच सांगा बाबा, काय झालं ते." गुडघ्यातून रक्त येत होतं. ते बायकोनं पुसलं. मी कागद पाहत होतो.

एका कोरड्या ओढ्याच्या वळणाआधी तिनं वेग कमी केला. वळण सोपं होतं, एवढा कमी करायची गरज नव्हती. पुढे जाऊन तिनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. हेल्मेटमध्ये फक्त तिचा श्वास.

"इथे उलटलो आम्ही," ती म्हणाली. "ह्यांचा पाय तीन ठिकाणी मोडला. आईला मीच बोलावलं, आणि तुम्हाला सांगू नको म्हणाले, तेही मीच."

त्यानं जाळीतून मागच्या वळणाकडे पाहिलं.

"वाळूखाली दगड होता, बाबा. दिसलाच नाही."

दगड... एवढी गाडी उलटवणारा दगड खालचा दांडा आधी मोडतो. दांडा मूळचा होता. दगड नव्हता. मग वेग? की डोळे रस्त्यावर नव्हते? की दोघांचं काही बोलणं चाललं होतं, असलं, ज्यात रस्ता दिसत नाही? एकतीस वर्षं ज्या जागी प्रश्न यायचा, तिथे तो आलाच, जिभेच्या टोकाशी येऊन बसला.

"तुम्ही सकाळी वाकून बघितलं ना," ती समोर पाहतच म्हणाली.

"बघितलं."

"मग?"

"चष्मा घरच्या गाडीत राहिला होता," तो म्हणाला. "खालचं काही दिसलं नाही मला."

तिनं हेल्मेटची काच वर केली आणि त्याच्याकडे वळून पाहिलं. रागानं नव्हे, मायेनंही नव्हे. आधी त्याच्या खिशाकडे, मग तोंडाकडे. चष्म्याची जागा, आवाज, थांबा, सगळं एकमेकांशी जुळतं का, हे ती जुळवून पाहत होती. ही नजर त्याच्या ओळखीची होती, फक्त या बाजूनं त्यानं ती कधी पाहिली नव्हती. आणखी काही सांगावं, बारकावे द्यावेत, म्हणजे खरं वाटेल, असं वाटलं. आणि तसंच वाटलेल्या शेकडो गाडीमालकांचे चेहरे आठवले, ज्यांच्यातले काही खरंच खरं बोलत असतील...

पट्ट्यांनी करकचून बांधलेला, हलता न येणारा, लेकीनं विश्वास ठेवावा म्हणून तो नुसता वाट पाहत राहिला.