तीन आवाज आणि खरखर

माझ्या शिलाईच्या दुकानात भाचीनं काउंटरवर लॅपटॉप उघडला, आणि त्यातून जे बाहेर पडलं त्याला ती संगीत म्हणत होती. आधी ढग गडगडले. मग कुणीतरी शंभर माणसांना एकदम रडायला बसवलं. मग नगारे. नगाऱ्यांवर परत ढग.

"संपलं?" मी विचारलं.

"फुप्पी, ही तर सुरुवात आहे. लढाई यायचीय अजून."

"मग हे काय होतं? लढाईच्या आधीच मय्यत?"

बाकड्यावर अर्धापूरच्या तुळजाबाई बसल्या होत्या. नातीच्या हळदीचा ब्लाउज आजच्या आज पाहिजे म्हणून सकाळच्या गाडीनं आलेल्या, आणि घेतल्याशिवाय हलणार नव्हत्या. त्यांनी पदर कानावरनं काढला. "पोरी, गाणं हाय का हे? मला वाटलं गिरणीचा पट्टा तुटला."

एरवी लुबना हसली असती. आज नाही हसली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पोरगी घाबरलेली आहे.

लुबना माझ्या भावाची, शारिकची मुलगी. राहते लातूरला, आणि घरी बसूनच हैदराबादच्या एका कंपनीसाठी मोबाइलच्या गेमचं संगीत करते. सहा महिने बघू, मग ठरवू, असं कंपनीनं सांगितलेलं. सहा महिने या सोमवारी भरत होते. दोन चाली तिनं पाठवल्या, दोन्ही परत आल्या. तिसरी सोमवारी द्यायची. तीही परत आली की काम संपलं. शारिकनं बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणून तिच्या टेबलावर ठेवली होती. कव्हर घालून.

"मग मला कशाला ऐकवून राहिलीस?" मी म्हटलं. "मी जन्मात एक गेम खेळले नाही."

"म्हणूनच तर आले. तुम्ही खेळला नाहीत, नुसतं ऐकलंत. सहा वर्षं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. असं दुसरं माणूस मला माहीत नाही."

हे मात्र खरं होतं.

आमच्या अब्बांचं, खाजा रेडिओवाल्यांचं, नांदेडच्या इतवाऱ्यात दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ दुरुस्तीला येईनासे झाले तेव्हा त्यांनी तीन टीव्ही मांडले, त्यांना कॅसेटवाले गेम जोडले आणि पोरांना खेळायला बसवलं. दुकानाच्या मागच्या भागात पडदा, पडद्यामागं पायमशीन, मशीनवर मी. वय सोळा. पुढं यायची मला मनाई, आणि अब्बा तर सदा कुणाचा तरी रेडिओ उघडून बसलेले. तेव्हा खेळावर नजर कानानंच ठेवायची. उड्यांच्या गेमची एक चाल, रणगाड्यांची दुसरी, बर्फाची तिसरी. चाल घाईला आली की वेळ सरत आलेली. चाल धपकन खाली पडली की गडी मेला. मी आतनं ओरडायची, "ए नायगाववाल्या, तीनदा मेलास, ऊठ आता!" पोरं पडद्याला भोक शोधत बसायची.

त्या चाली केवढ्या? चाळीस-पन्नास सेकंदांच्या. संपल्या की परत पहिल्यापासून. दिवसाकाठी शेकडो फेरे. त्यात एखादा सूर वाईट असता तर तो शेकडोदा टोचला असता, म्हणून करणाऱ्यांनी वाईट सूर ठेवलाच नव्हता. तुळजाबाईंसारख्या बायका जात्यावर बसायच्या तेव्हा पायलीभर ज्वारीला एकच चाल पुरायची. दाणे संपायचे, चाल संपायची नाही. मी पण मग उड्यांच्या चालीवर शब्द बसवले. आमच्या घरात बोलणं दखनीत, पण ओव्या कानावर पडलेल्या शेजारणींच्या, म्हणून शब्द मराठीत आले:

चल गं माझ्या सुई, वाट तुझी दोऱ्याची
तुझ्या पाठीपाठी लेक आली खाजाची

अशा कितीतरी. अस्तर लावताना एक, काज करताना दुसरी.

आणि आता हे ढग.

लुबना समजावत होती. "फुप्पी, आता एकच गाणं सलग वाजत नाही. थर असतात. खेळणारा नुसता चालतोय, तर फक्त व्हायोलिन. शत्रू दिसला की नगारे. जीव कमी झाला की माणसांचे आवाज. तो जे करेल तसं गाणं बदलतं."

"म्हणजे गाणं त्याच्या मागं मागं फिरतं?"

"हां, तसंच."

"नोकर आहे का त्याचा? गाण्यानं माणसाला चालवायचं असतं, बेटा. त्याच्या चपला नाही उचलायच्या."

"तेव्हा मशीनमधून तीनच आवाज निघायचे, आणि एक खरखर. बिचाऱ्यांना दुसरा इलाजच नव्हता. आज माझ्याकडं ऐंशी वाद्यं आहेत."

"चुलीला पण तीनच दगड असतात. ऐंशी लावून बघ, भाकरी कुठं ठेवशील?"

तुळजाबाईंनी मांडीवर थाप मारली. "हाव, बराबर हाय! आन् जाळ कुठं घालशील?"

दोघी मिळून आम्ही तिला सोलत होतो आणि मला, खरं सांगते, मजा येत होती. तीस वर्षांत मला हे असं खूप जमलेलं आहे. लग्नातला डीजे, पोरांच्या मोबाइलच्या रिंगा, मालिकांचे रडके बाजे, सगळ्यांना मी त्या तीन आवाजांपुढं उभं केलं आणि सगळ्यांना हाकललं.

लुबना लाल झाली. "थांबा," म्हणाली. लॅपटॉपवर काहीतरी शोधलं, लावलं.

उड्यांचा गेम. तीच चाल. तेच तीन आवाज, तीच खरखर. पण अशी धावत सुटलेली की मला ठेच लागल्यासारखं झालं.

"हे काय? कुत्रं लागलंय का त्याच्या मागं?"

"हे असंच आहे, फुप्पी. बनवणाऱ्यानं असंच बनवलं."

"कुणीतरी पळवलंय ते."

"कुणी नाही पळवलं. तुमच्याकडचं हळू होतं." आता तिच्या आवाजाला धार आली. "गेम बनला तिकडचे टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढायचे, आपले पन्नास वेळा. या गेममध्ये गाणं चित्राच्या पावलानं चालतं. म्हणून इथं सगळं रेंगाळत वाजायचं. तुम्ही सहा वर्षं जे ऐकलंत ना, ते कुणी लिहिलेलंच नव्हतं. टीव्हीचा दोष होता तो. आणि त्या दोषावर तुम्ही मला तोलून राहिल्यात."

तुळजाबाई पिशवीतली केळी मोजायला लागल्या.

  माझ्या एवढ्या मोठ्या तोऱ्याखाली मुळात एक लंगडा टीव्ही होता. जपानात की कुठं बसून कुणी माणसानं ती चाल धावायला लिहिली, आणि मी तिला नांदेडात बसवून ठेवलं, आणि वर तिच्याच नावानं दुनियेला नावं ठेवली. मला माझीच किळस आली. ब्लाउजची बाही सुईखाली होती. पाय पायडलवर होता. माणसाला बोलता येईना की त्यानं काम करावं. मी पाय हलवला.

पायानं आपली चाल धरली. मी नाही सांगितलं त्याला. आणि त्या चालीवर, ओठ न उघडता, गळ्यात ते आलं: चल गं माझ्या सुई.

"हे काय गाताय?" लुबनानं विचारलं.

"टीव्हीचा दोष."

ती माझ्या पायाकडं बघत राहिली. बराच वेळ. मग लॅपटॉप उचलून आरशाजवळच्या कोपऱ्यात खाली बसली, कानाला हेडफोन लावले. जेवायला बोलावलं तर मान हलवून नको म्हणाली. मी पण आग्रह केला नाही. रुसायचा हक्क दोघींना होता.

दुपार तशीच गेली. तुळजाबाईंनी एक डुलकी काढली. मी उजवी बाही लावली, डावी लावली, गळ्याची पट्टी दुमडली. हुक लावायला ब्लाउज हातात घेतला तेव्हा तुळजाबाई जाग्या झाल्या, घड्याळ बघितलं.

"अगं बया, झाला? तू तर म्हणालतीस दिवस बुडंल."

मी पण घड्याळ बघितलं. एवढं भराभर माझ्याकडून होत नाही आताशा. डोळे ताणावे लागतात, मधे मधे पाठ सरळ करावी लागते. आणि तेव्हा मला ऐकू आलं की दुकानात काहीतरी वाजतंय. हेडफोन लुबनाच्या मांडीवर पडले होते. चाल लॅपटॉपमधून येत होती. तीन आवाज. खाली बारीक खरखर. माझी ती जुनी चाल नव्हती ती. कधीच न ऐकलेली होती. पण पाऊल माझ्या पायाचं होतं.

"कधी लावलंस हे?"

"उजव्या बाहीला."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं. मला बघायचं होतं की पाय थांबतो का. नाही थांबला. कसं आहे, फुप्पी?"

आता खरं तर तिला जवळ घ्यायला पाहिजे होतं. पण तोंडाला सवय नाही.

"शेवटून परत पहिल्याला वळतेस ना, तिथं एक सूर टोचतो. पिठात खडा आल्यासारखा. काढ तो."

"आणि बाकीचं?"

"दोन्ही बाह्या लागल्या. आणखी काय पाहिजे तुला?"

तुळजाबाई म्हणाल्या, "मला तर लई झोप लागली बघ. गोड." आणि ब्लाउज पिशवीत घालून, केळ्यांची फणी आमच्या काउंटरवर ठेवून, बस गाठायला निघाल्या.

लुबनानं सूर काढला. त्याच रात्री लातूरला परत गेली.

सोमवारी फोन नाही. मंगळवारी नाही. बुधवारी मीच केला. शारिकनं उचलला, आणि तिच्याकडं दिला.

"काय म्हणाला तुझा साहेब?" त्या साहेबाचं नाव वैजनाथ. मूळचा उदगीरचा, हैदराबादला जाऊन मोठा झालेला.

"म्हणाले, छान आहे, पण बारीक आहे. भव्य नाही वाटत. लढाईला दुसऱ्याचं घेतलं."

"ढग?"

"ढग. आणि वर शंख."

"उदगीरचा किल्ला बघून मोठा झालेला माणूस," मी म्हटलं, "आणि त्याला भव्यपणा ढगांत शोधावा लागतो. थू."

"पण काम राहिलं, फुप्पी. मला ठेवून घेतलं. माझी चाल त्यांनी थांबायच्या पडद्यावर लावली."

"थांबायचा पडदा म्हणजे?"

"नेट धीमं असलं की गेम सुरू होत नाही ना. नुसतं चाक फिरत राहतं. तेवढा वेळ वाजणार. तिथं कुणी गाणं ऐकत नसतं. सगळे शिव्या देत असतात."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या चहाच्या टपरीवर चार जवान गडी मोबाइल आकाशाकडं उंच धरून उभे होते. एक जण स्टुलावर चढला होता.

"तुझा साहेब येडा आहे," मी म्हटलं. "हैदराबादला बसून त्याला काय कळणार? अगं, आमच्या नांदेडात लढाईपर्यंत पोचतो कोण? सकाळी चाक फिरायला लागतं ते दुपारी जोहरच्या नमाजाला फिरतच असतं. ते ढग आणि तो शंख इथं कुणाच्या कानावर पडणार नाही. तुझंच वाजणार. दिवसभर."

 पलीकडं ती हसली, नाक ओढत, शारिक मागनं काय झालं, काय झालं विचारतोय तरी हसत राहिली.

"मी आज दुआ मागते," मी म्हटलं, "इथला टॉवर कुणी दुरुस्त करू नये म्हणून."