लांब्याच्या मापाचं लाकूड

सुतार टेप घेऊन वाकला तेव्हा लांब्या भिंतीकडं तोंड करून पडला होता. टाळूपासून टाचेपर्यंत माप भरलं सहा फूट चार इंच, आणि तेही गुडघे पुरते सरळ होत नव्हते म्हणून.

"मापं कसली घेतोयस?" लांब्या भिंतीलाच म्हणाला. "थोडे दिवस थांब, मग एकदाच घे."

सुतारानं आकडा पेन्सिलीनं तळहातावर लिहून घेतला.

लांब्या विहिरी खणायचा. गावात पाणी असलेल्या विहिरींपैकी निम्म्याअधिक त्याच्या हातच्या होत्या, आणि पाणी न लागलेली एक होती तीही त्याच्याच हातची. पाच महिन्यांमागं एका विहिरीतला गाळ काढताना शिडीची पायरी निसटली आणि तो खुब्यावर आपटला. शहरात नेऊन ऑपरेशन केलं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता उठ. लांब्या म्हणाला, दुखतंय. डॉक्टर म्हणाले, दुखणारच. या दोघांच्या म्हणण्यात पाच महिने गेले आणि लांब्या काही उठला नाही. पुढं पुढं तो फारसा बोलेनासाही झाला.

घरातली खाट साडेपाच फुटी. जन्मभर तो तिच्यावर पाय दुमडून झोपला आणि ते निभावलंही. पण आता दिवसाचे चोवीस तास दुमडून पडल्यावर गुडघे आखडत चालले, आणि पाय लांब सोडले की टाचा खाटेच्या दांडीवर घासून सोलवटायच्या. मागच्या खेपेला डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बाहेर बोलावून सांगितलं, हा माणूस सरळ निजला नाही तर दोन महिन्यांत गुडघे कायमचे धरतील. मग उठावंसं वाटलं तरी उठता यायचं नाही. लांब, टणक, मधे न वाकणारा पलंग करून घ्या. तिनं जमिनीवर निजवून पाहिलं होतं. पण ती नवऱ्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हती, खालून त्याला उचलणार कशी.

"भावजी, लाकूड कुठलंही चालेल," ती सुताराला म्हणाली.

तिथंच खरी अडचण होती. कुठलंही लाकूड चाललं असतं तर सुतारानं पलंग चार दिवसांत उभा केला असता. लाकूड पाहिजे होतं सात फूट सलग, सरळ, कठीण आणि वाळलेलं. यातल्या तीन गोष्टी एकत्र मिळायच्या, चौथी कुठंतरी दडी मारायची.

तालुक्याच्या वखारीत तो पहिल्यांदा गेला. वखारवाल्याकडं प्लायवूड होतं, आणि बोट दाबलं तर खळी पडेल असलं मऊ पांढरं लाकूड होतं. कठीण लाकूड मागवून देतो म्हणाला, महिना लागेल. याच वखारवाल्याच्या लाकडाचं दार सुतारानं मागच्या वर्षी शाळेला बसवलं होतं. ते पावसाळ्यात असं फुगलं की मुलं दोन दिवस खिडकीतून आत गेली, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही आली नाही. सुतार तसाच परत फिरला.

मग त्यानं गाव पालथा घातला. ओढ्याकाठच्या मळेकऱ्यानं नुकतंच एक दांडगं झाड पाडलं होतं. मळेकरी दिलदार, म्हणाला, हवं तेवढं घेऊन जा. सुतारानं बुंध्यावर हात ठेवला तर हात ओला झाला. हे लाकूड वाळायला दीड वर्ष, आणि डॉक्टरांनी दिलेले दोन महिने. त्यातले बारा दिवस तर फिरण्यातच गेले होते. गाडीवानाकडं जुन्या गाडीच्या दांड्या पडून होत्या, चांगल्या आठ फुटी. त्या उन्हात घेऊन त्यानं एक डोळा मिटून पाहिलं, तर त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या. गाडीवान म्हणाला, दोन्ही एकाच बाजूला वाकल्यात, बिघडलं कुठं. सुतार म्हणाला, माणसाला सरळ करायचंय. ओढ्यावर पाय ठेवून जायला टाकलेली फळी मात्र अगदी मनासारखी निघाली. गावानंही उदारपणे सांगितलं, ने बाबा, माणसापेक्षा फळी मोठी नाही. फक्त दूध घालायला पलीकडं जाणाऱ्या पंधरा घरांनी कुठून जायचं, हे तेवढं सुतारानं सांगावं. सुतारानं फळी होती तशी ठेवली.

एवढ्या सगळ्या फिरण्यात एका झाडाचं नाव कुणी काढलं नाही. त्यानंही काढलं नाही. ती बाभूळ त्याच्या सख्ख्या आत्याच्या परड्यात उभी होती.

बाभूळ सहसा सरळ वाढत नाही. पण ही घराची भिंत आणि गोठा यांच्या बोळात रुजली होती, उजेडासाठी तिला वर चढत जाण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून तिचं खोड दहा फुटांपर्यंत दोरी धरल्यासारखं गेलं होतं. आणि ती सात वर्षांपूर्वी वाळली होती. वाळली ती लांब्यामुळं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं आत्याच्या परड्यात विहीर खणायला घेतली ती बाभळीला खेटून, आणि खणताना तिच्या मुळ्या तोडल्या. चाळीस फूट खाली गेला तरी खडकाला घाम फुटला नाही. आत्यानं काम थांबवलं. दोन वर्षांत झाडही गेलं. तेव्हापासून आत्याच्या परड्यात एक कोरडी विहीर आणि एक कोरडी बाभूळ शेजारी शेजारी होत्या. लोक म्हणायचे, झाड तोडून चुलीला तरी लाव. आत्या म्हणायची, राहू दे, पुरावा आहे.

लांब्याचं म्हणणं निराळं. अजून सहा फूट जाऊ दिलं असतं तर पाणी होतं, असं तो नऊ वर्षं ज्याला त्याला सांगायचा. आत्याचं त्यावर म्हणणं, की हा मनुष्य विसाव्या फुटापासून अजून सहा फूट, अजून सहा फूट करत होता.

सुतार गेला तेव्हा आत्या ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. त्यानं तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, गाय आटली का विचारलं, मग एका रोग्यासाठी थोडं लाकूड हवं होतं, असं हळूच घातलं.

"कोण रोगी?"

"आहे एक."

"सहा फुटांपेक्षा लांब आहे का?"

सुतार ओसरीवरची टरफलं गोळा करायला लागला. आत्यानं हातातली शेंग सोलून संपवली.

"झाड पाहिजे असेल तर खड्डापण ने," ती म्हणाली. "त्याच्या पलंगाखाली ठेव. दोन्ही त्याचंच आहे."

पुढं तिनं चहा दिला, पण झाडाचा विषय काढू दिला नाही. सुतार घरी आला आणि बायकोला म्हणाला की झालं, आता ओढ्यावरची फळी काढून तिथं दगड टाकावे लागणार. दोन दिवस तो खरोखरच ओढ्याकडं जाऊन दगड पाहत होता.

तिसऱ्या दिवशी आत्या काठी टेकत लांब्याच्या घरी गेली. सुतार तेव्हा खाटेच्या पायथ्याशी विटा रचून ती लांब करता येते का बघत होता. आत्या नऊ वर्षांत या घराच्या उंबऱ्याला आली नव्हती. लांब्याच्या बायकोनं पदर सावरला, बसायला पाट दिला. आत्या बसली नाही.

"पाय दाखव," ती म्हणाली.

लांब्या भिंतीकडं बघत राहिला. बायकोनंच चादर वर केली. दोन्ही टाचांवर रुपयाएवढ्या ओल्या जखमा होत्या, आणि गुडघे आडोसा धरल्यासारखे वर आलेले. आत्यानं वाकून बघितलं, खाटेची दांडी बोटानं चाचपली.

"अजून सहा फूट," लांब्या भिंतीला म्हणाला. सुतारानं माप घेतलं त्या दिवसानंतर घरच्यांनी त्याच्या तोंडून ऐकलेले हे पहिले शब्द.

"गप पड," आत्या म्हणाली आणि निघाली. अंगणात सुताराजवळ थांबली. "माझी कपडे वाळत घालायची दोरी त्या झाडाला बांधलीय. आधी दोरीसाठी दुसरा खांब रोव. मग काय करायचं ते कर."

सुतारानं त्याच दुपारी खांब रोवला, तिला मनापासून पटेपर्यंत तो दोनदा उपटून पुन्हा रोवला, आणि दुसऱ्या सकाळी बाभळीला कुऱ्हाड लावली. पहिला घाव वाळक्या सालीवरून परत आला. दुसरा घाव परत आला आणि दांड्यातून खांद्यापर्यंत झिणझिण्या देऊन गेला. सालीखालचं पांढरं लाकूड किड्यांनी पोखरलेलं होतं, हात लावला की पिठासारखं भुरभुरायचं. आतही असंच असलं तर सगळंच गेलं. तो अंदाजानं चार बोटं आत गेला आणि मग तांबूस गाभा लागला. त्यावर घाव बसला तो लोखंडाच्या आवाजाचा. आत्या मागं उभी राहून बघत होती.

"चांगलं आहे का?" तिनं विचारलं.

"फार चांगलं आहे."

"असणारच," ती म्हणाली. ती झाडाबद्दल बोलली की स्वतःबद्दल, ते सुताराला कळलं नाही.

झाड पाडायला तीन दिवस लागले. गिरणीवाल्यानं खोडात खिळा असेल म्हणून आरीला घालायला नकार दिला. आणि खरंच एक निघाला, दोरीचा, तीन इंच आत बुजलेला. तो कोरून काढल्यावर लाकूड गिरणीतून गेलं आणि सुतारानं टेप लावला. गाभा सलग सात फूट दोन इंच भरला. तळहातावरचा आकडा एव्हाना पुसून गेला होता, पण तो त्याला पाठ झाला होता.

पलंगाला नऊ दिवस गेले. रंध्याला दिवसातून चार वेळा धार लावावी लागली, एक पटाशी मोडली. आत्या रोज येऊन ओंडक्यावर बसायची. काम नीट चाललंय का एवढंच बघते म्हणायची आणि तासभर बघायची. पलंग जोडून झाल्यावर ती त्यावर आडवी झाली, दोनदा कूस बदलली, मग उठून म्हणाली, कुरकुरत नाही. सुताराला एवढी शाबासकी वडिलांकडूनही मिळाली नव्हती.

लांब्याला चौघांनी उचलून पलंगावर घातलं. बायकोनं एकेक पाय हळूहळू लांब केला. तो ओरडला, मग कण्हला, मग गप्प झाला. टाचांच्या पुढं चांगलं सहा बोटं लाकूड उरलं होतं. चौथ्या दिवशी तिनं सुताराला वाटेत गाठून सांगितलं, की ते सरळ झोपतात, जखमा सुकायला लागल्यात, पण तिला मात्र झोप लागत नाही. तीस वर्षं त्यांचे गुडघे पाठीला लागायचे, ते आता लागत नाहीत. यावर सुतारकामात काही उपाय नव्हता.

आत्यानं येणं थांबवलं नाही. झाड माझं, मी बघायला येणार, असं ती म्हणायची. दुपारी जेवणं झाली की यायची, पाटावर बसायची आणि विचारायची, कधी उठणार. लांब्या पहिले दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, खुबा दुखतोय. ती म्हणाली, माझेपण दुखतात, मी आले की नाही चालत. मग विहिरीवरून सुरू झालं. चाळीस फूट की एकोणचाळीस, खडक काळा होता की करडा, कुणी कुणाला थांबवलं. वाद रोज तिथंच सुरू व्हायचा आणि तिथंच राहायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जो मनुष्य तोंड उघडत नव्हता तो आता दुपार व्हायची वाट बघायला लागला. आत्याला उशीर झाला तर बायकोला म्हणायचा, बघ, हरली म्हणून आली नाही.

अशाच एका दुपारी सुतार पलंगाच्या एका सांध्यात पाचर ठोकायला आला होता. दोघांचं जुंपलेलंच होतं. आत्या म्हणत होती की खडक तळाला सुकाच होता, मी स्वतः वाकून बघितलाय. लांब्याला ते सहन झालं नाही. तू वरून बघितलास, मी खाली होतो, असं सांगता सांगता तो कोपरावर उठला, कोपरावरून हातावर आला आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले.

लांब्याची बायको चुलीपाशी होती, तिथंच उभी राहिली. सुतारानं उचललेली हातोडी खाली आणली नाही.

आत्यानं डोळ्यांवर हात धरला.

"उठलायसच तर ते दार लोट," ती म्हणाली. "ऊन येतंय तोंडावर."

दार पलंगापासून चार पावलांवर होतं. लांब्या पलंगाची कड धरून उभा राहिला. एवढ्या महिन्यांनी त्याची उंची बघून सगळ्यांनाच घर ठेंगणं वाटलं. त्यानं एक पाऊल टाकलं, मग भिंत धरली, मग बराच वेळ काहीच केलं नाही. बायको पुढं व्हायला लागली तर आत्यानं काठी आडवी केली. दुसरं पाऊल पडलं, तिसरं पडलं. चौथं पडलं की तो दारावर रेलला, ते सांगणं कठीण होतं. पण दार लागलं.

खोलीत अंधारून आलं. लांब्या दाराला पाठ लावून धापा टाकत उभा होता, आणि त्याच्या कानाजवळून उन्हाची एक बारीक रेघ आत येत होती.

"फट राहिलीय," आत्या म्हणाली.

लांब्यानं मान वळवून फट बघितली, मग सुताराकडं बघितलं.

"ते त्याचं काम," तो म्हणाला.