डबीतले द्वारपाल

कुंभकोणमच्या त्या बोळात सकाळपासून चपलांचा ढीग वाढत होता. पार्किन्सनने कैक वर्षं थरथरणारे पद्मनाभराव हातभर उंचीवरून पितळी टंबलरातली कॉफी ओतत होते आणि थेंबही सांडत नव्हता. गर्दीने हात जोडले. काहींनी टंबलरलाही.

शेजारी इन्नंबूर गावाकडून आलेला सामी, म्हणजे साधू, बसला होता. "चाटण माझं, कृपा त्याची!" असं म्हणत एक बोट तो वर करी आणि औषधी चाटणाची डबी पुढे सरकवी.

मग राव रिकाम्या झोपाळ्याकडे बघून घरच्या मराठीत म्हणाले, "पोरांनो, उतरा, पडाल!"

तमिळ गर्दीला सामीनेच अर्थ पुरवला. "जय-विजय आलेत! वैकुंठाचे द्वारपाल!" एका बाईने द्वारपालांना लगेच मुलाच्या व्हिसाचं विचारलं.

लेक शिवरंजनीही भुलली होती. पंधरवड्यापूर्वी हाताचा कंप थांबला त्या दिवशी सामीला धोतरजोडी तिनेच दिली होती. पण आता राव तिच्याकडे वळून आदबीने म्हणाले, "अम्मा, तुम्ही कुणाकडच्या?"

"वैराग्य!" सामी गरजला.

ते वैराग्य रिक्षात घालून शिवरंजनी दुपारी डॉक्टर हरिणीकडे गेली. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. रावांनी सगळे आकडे एकाच कडेला कोंबले.

"अप्पांची मती गेली का हो?" शिवरंजनीने विचारलं.

"पार्किन्सनमध्ये मती ढासळू शकते, पण सावकाश, वर्षांच्या चालीने. पंधरवड्यात कोसळली, तर आधी चोर शोधायचा. डिमेन्शियाचं नाव मग." डॉक्टरांनी टॉर्च मारली. डोळ्यांच्या बाहुल्या ताटासारख्या पसरलेल्या, जीभ पापडासारखी कोरडी. "नवं काय खातात?"

शिवरंजनीने डबी काढली. डॉक्टरांना चाटणात धोतऱ्याचं अर्धवट वाटलेलं बी दिसलं.

"याने कंप दबतो आणि नसलेली माणसं दिसतात. दोन्ही चमत्कार याच डबीतले. अशा आजाऱ्याला तर हे जास्तच बाधतं. आजची रात्र इथेच ठेवू या."

दुसऱ्या दिवशी घरी भरगर्दीत शिवरंजनीने चाटणाचा चमचा पुढे केला. "सामी, तुम्हीही घ्या. द्वारपाल भेटतील."

"आज... आज माझी एकादशी."

"परवा झाली की रे एकादशी!" कोपऱ्यातून वत्सलाआत्या कडाडल्या. "वैष्णवांच्या घरात बसून एकादशीची थाप मारतोस? दुसरी एखादी तिथी तरी सुचायची होती!"

सामी उठला आणि घाईत दुसऱ्याच्याच चपला घालून पसार झाला.

आठवडाभरात झोपाळ्यावरची पोरं गेली. कंप परतला. गर्दी मात्र परतली नाही. थरथरणाऱ्या हातात तिला रस नव्हता. नव्याने काढलेल्या घड्याळात आकडे जागेवर बसले, काटे तेवढे चुकले.

"मतीला थोडा मंदपणा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तो आजाराचा असेल. गोळ्या बघू, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू."

"शिवरंजनी," राव हळूच म्हणाले, "त्या पोरांना मी इडल्याही देऊ केल्या होत्या का गं?"

"होय अप्पा. सामीने त्या खाल्ल्या."

मंडळी, घरातल्या म्हाताऱ्याला उद्या देव दिसले, तर नारळ फोडायची घाई करू नका. त्याच्या पोटात काय गेलंय ते बघा आणि डॉक्टर गाठा. देव थांबतील. मेंदू थांबत नाही.