चांगणं

"थांब, थांब! हे काय सांगतोयस लोकांना?" काचेपलीकडून ताई दोन्ही हात हलवत होती.

निवेदक वैतागला. तीस वर्षं टीव्हीवर त्याला मध्येच थांबवायची कुणाची छाती झाली नव्हती. पण आज त्याच्या पहिल्यावहिल्या लोकगीतांच्या अल्बमचं ध्वनिमुद्रण होतं, आणि गाणी सगळी ताईकडून शिकलेली, म्हणून त्याने तिला मुद्दाम स्टुडिओत आणून बसवलं होतं. बसतेय कसली! आल्याआल्या तिने ध्वनिमुद्रकालाच 'पोक काढून बसू नकोस' म्हणून दटावलं होतं.

अंगाई सुरू करण्याआधी तो माइकवर चार शब्द बोलत होता. अंगाई अशी: 'अंगणी सांडलं चांगणं, बाळा, नीज आता.' हा 'चांगणं' शब्द कुठल्याच शब्दकोशात नाही. अल्बमची पुस्तिका लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी त्यावर चांगली दोन पानं खर्ची घातली होती: आठशे वर्षांपूर्वीचा, लोप पावलेला शब्द! निवेदकाने तो आपल्या कार्यक्रमात मिरवून घेतला होता. अल्बमचं नावही तेच ठेवलं होतं आणि मुखपृष्ठ छापून तयार होतं.

"आठशे वर्षांपूर्वीचा म्हणे!" ताई दार ढकलून आत आली. तिला हसू आवरेना. "अरे वेड्या, तुला चांदणं म्हणता येत नव्हतं! तीन वर्षांचा होतास. चांगणं, चांगणं करत घरभर नाचायचास."

ध्वनिमुद्रक फिसकन हसला. त्याच्या शेजारी बसलेल्या प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. निवेदकाचा चेहरा पार उतरला. एवढा गाजावाजा करून बसलो, आता कुठे तोंड लपवू, असं त्याला झालं.

"मग तू तसंच का गात राहिलीस? नीट म्हणायचंस ना!"

ताईचं हसू ओसरलं.

"म्हणून बघितलं ना. आई चांदणं म्हणायची. ती गेल्यावर मी तसं म्हटलं की तू उठून बसायचास. पलंगाखाली, दाराआड तिला शोधत फिरायचास. मग मी तुझाच शब्द घेतला. तेव्हा कुठे झोपायला लागलास."

तेव्हा ताई स्वतः चौदा वर्षांची होती. तो माइकसमोरच्या स्टुलावर तसाच बसून राहिला. ताईबद्दल त्याला इतकी माया दाटून आली, की तिच्याकडे बघवेना.

"दुरुस्त करून गा रे. उगाच तुझं हसं नको," ताई म्हणाली.

"नाव तेच राहील." त्याने काचेकडे मान वळवली. "सर, तुमची दोन पानं काढून टाका. खरं काय ते मी लोकांना सांगतो."

प्राध्यापकांनी बिचाऱ्यांनी मुकाट्याने मान डोलावली.

"ताई, आईसारखं म्हण ना."

"आता कशाला?"

"म्हण ना गं."

ताईने आधी त्याचा चेहरा नीट न्याहाळला. मग बावन्न वर्षांनी पहिल्यांदा, दबक्या आवाजात तिने सुरुवात केली. 'अंगणी सांडलं चांदणं.' तिथे थांबून तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

तो उठला नाही.

"पुढे म्हण," तो म्हणाला, आणि ताई पुढचं म्हणू लागली.